वत्थ की वच्छ

पोथी वाचायला दोन माणसं लागतात, हे सरांनी मला कारंज्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. एकाने पोथीवरचं अक्षर अन् अक्षर मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्याने समोरच्या नकलेवर बोट ठेवून ऐकायचं आणि जिथे बोट अडेल तिथे ‘थांबा’ म्हणायचं. तासाभराने जागा बदलायच्या. आम्ही असे तीस वर्षं बसलो. दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळ्यात, कधी लागून आलेल्या दोन-तीन सुट्ट्यांत. बसायची जागा म्हणजे एका वाड्याच्या पडवीला लागून असलेला खोलीवजा कोपरा होता. पूर्वेच्या खिडकीतून अकराच्या सुमारास उन्हाची एक तिरीप आत यायची. आमचे अवघड शब्द आम्ही त्या तिरिपेसाठी राखून ठेवत असू.

सरांची माझी पहिली भेट मात्र वाशीमची, १९८१ सालची. मी तिथल्या एका शाळेत मराठी-संस्कृत शिकवत होतो, नोकरीला दोन वर्षं झाली होती. अमरावतीचे एक प्राध्यापक गाव पाहायला आलेत, त्यांच्याबरोबर कुणीतरी संस्कृतवाला द्या, असा निरोप आला आणि मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. मी त्यांना बालाजीच्या मंदिरात नेलं, पद्मतीर्थ दाखवलं, देवतलावावर नेलं, मध्यमेश्वराला नेलं. वत्स ऋषींची कथा सांगितली, एकशे आठ तीर्थांची सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पद्मतीर्थाच्या पायरीवर बसून विचारलं, “आणि तुमच्या गावचा ताम्रपट?”

मला ताम्रपट ठाऊक नव्हता. मी वाशीममध्ये जन्मलो, वाशीममध्ये वाढलो, संस्कृत घेऊन पदवी मिळवली, आणि वाशीमचा ताम्रपट मला ठाऊक नव्हता. तो १९३९ साली उजेडात आला. चार पत्रे आहेत. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिलेलं हे दान. सुरुवातीची वंशावळ संस्कृतात आणि पुढचा मजकूर प्राकृतात. सरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात मला कमी लेखण्याचा भाव नव्हता. उलट, आता हे कुणाला तरी सांगता येणार म्हणून त्यांना आनंद झालेला दिसत होता. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्म नगरात लावून दिलंय, हेही तेव्हाच सांगितलं. “तुम्ही साहित्याच्या मांडवात राहता, मास्तर,” असं म्हणाले. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि ते पन्नाशीचे. तरी मला ‘तुम्ही’ म्हणत. पुढेही बरीच वर्षं म्हणत राहिले.

निघताना त्यांनी विचारलं, “कारंज्याला याल का? मला दुसरा माणूस हवाय.”

कारंजा तेव्हा वाशीमसारखंच अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. मंगरूळपीरवरून एसटीने दोन तास. बाकीच्या महाराष्ट्राला कारंजा माहीत आहे ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. पण त्याच गावात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जैन मंदिरं आहेत आणि त्यांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या आहेत. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी यादी कटनीच्या रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे या पोथ्यांचा बाहेर बोलबाला झाला. त्यातल्या कारंज्याच्या पोथ्यांमागे दुसऱ्या हिरालालांचे श्रम होते. ते प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे. नावसाधर्म्यामुळे लोक या दोघांची गल्लत करतात, आणि सरांना त्याचा फार त्रास व्हायचा. “एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर घालू नका,” असं ते समोर कोण आहे हे न पाहता म्हणायचे. अपभ्रंश भाषेतलं फारसं काही उरलेलं नाही असं जिथे अभ्यासकांना वाटत होतं, तिथे कारंज्याच्या वेष्टनांतून पुष्पदंताचं णायकुमारचरिउ निघालं, जसहरचरिउ निघालं, कनकामराचं करकंडचरिउ निघालं, पाहुडदोहा निघाला. १९३०च्या आसपासच्या चार-पाच वर्षांत कारंज्याच्या ग्रंथमालेतून हे सगळं छापलं गेलं. मराठी ज्या बोलींतून घडत आली त्यांच्याजवळची ही भाषा, आणि ती आमच्या शेजारच्या तालुक्यात लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती.

पोथीशी वागायचं कसं, तेही शिकावं लागलं. वेष्टन सोडायचं, लाकडी पाट्या बाजूला ठेवायच्या, पान दोन्ही हातांनी उचलायचं. बोटाला थुंकी लावायची नाही, शाईचं पेन जवळ आणायचं नाही, दिवा तर नाहीच. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासलेली दिसते, कडव्यांचे आकडे हिंगुळाने लाल केलेले असतात. सगळ्यांत जास्त छळते ती पडिमात्रा. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराआधी एक उभी रेघ म्हणून काढायची जुनी रीत होती. नवखा माणूस तिला आधीच्या अक्षराचा काना समजतो आणि वाक्य कुठल्या कुठे जातं. पोथीच्या शेवटी लेखनिक आपली दुखरी पाठ, वाकलेली मान सांगतो, पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून पोथी राखा म्हणून विनवतो. कुण्या बाईने व्रताच्या सांगतेला ही नक्कल करवून दान दिली, तेही लिहिलेलं असतं. सर या शेवटच्या पानापाशी नेहमी रेंगाळायचे. त्या बाईचं नाव दोनदा मोठ्याने वाचायचे.

भांडाराची किल्ली सांभाळणारे एक आजोबा होते. सूर्य मावळायच्या आत त्यांच्या घरची पंगत उठायची, आणि आम्ही उठायच्या बेतात असलो की ते दारात उभे राहायचे. “आता कुठी जाता? दिवस अजून वर हाये, जेवून घ्या.” माझी आई मात्र शेवटपर्यंत चकित होती. “तुया सरले घरी कोनी नाई का रे? एवढ्या उनात जुने कागदं पाह्याले येतात!” मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. सरांच्या घरी काकू होत्या, दोन मुलं होती. काकूंनी दर खेपेला माझ्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. त्या बरण्यांपैकी दोन आजही आमच्या फडताळात आहेत.

आता १९८७ सालची गोष्ट सांगायला हवी. तिच्यानंतरच आमची खरी मैत्री सुरू झाली.

सरांनी तरुणपणी एका अपभ्रंश चरितकाव्याची नक्कल करून ठेवली होती. ते काव्य कधी छापलं गेलं नव्हतं. त्याचीच दुसरी पोथी कारंज्याच्या दुसऱ्या भांडारात सापडली. सरांना त्या उन्हाळ्यात अमरावती सोडता येत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, “तुम्ही एकट्याने तिची नक्कल करा. मग दोन्ही शेजारी ठेवू.” मला संदर्भ लागावा म्हणून आपल्या नकलेची वहीही पाठवून दिली. मी उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात घातली. एका उपवनाच्या वर्णनात सरांच्या वहीत ‘वत्थ’ होतं, म्हणजे वस्त्र. माझ्यासमोरच्या पोथीत ते मला ‘वच्छ’ दिसलं, म्हणजे झाड. जुन्या जैन लिपीत त्थ आणि च्छ ही जोडाक्षरं जुळ्या भावंडांसारखी असतात. नुसत्या डोळ्यांनी त्यांचा निकाल लागत नाही. मी पान तिरिपेत धरलं. पुन्हा पाहिलं. च्छच वाटलं. उपवनात झाड असणं वस्त्र असण्यापेक्षा साहजिकही होतं. पण सरांनी ‘वत्थ’ वाचलं होतं. मी ‘वत्थ’ लिहिलं.

दिवाळीत सर आले, ती पोथी स्वतः उघडून बसले आणि माझ्या नकलेशी ताडू लागले. तिसऱ्या दिवशी त्या पानावर आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इथे तर वच्छ आहे.”

“हो सर.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग वत्थ का लिहिलंत?”

“तुमच्या वहीत वत्थ होतं.”

तीस वर्षांत ते माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. आवाज चढला नाही, पण हात थरथरत होता. म्हणाले, “मी तुमच्याकडे दुसरी प्रत मागितली होती. तुम्ही मला माझीच परत केलीत. माझी चूक मला पुन्हा दाखवून काय उपयोग? ती तर माझ्याजवळ आहेच.” पोथी बांधून उठले. आजोबा जेवायला बोलावत राहिले, तरी थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले आणि मला कारंज्याच्या स्टेशनवर घेऊन गेले. मूर्तिजापूरला जायची शकुंतला उभी होती. ती अरुंद रुळांची गाडी तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालायची. १९९४ साली तिला डिझेल लागलं. तिच्या चालीने बोलायला भरपूर वेळ मिळायचा. त्या प्रवासात सरांनी मला धवलेची हकिकत सांगितली, आणि तेव्हापासून ती मी शेकडो मुलांना सांगितली आहे.

षट्खंडागम या दिगंबर जैनांच्या आगमग्रंथावरची धवला टीका फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रावर होती. तिच्या नकला कशाबशा बाहेर पडल्या आणि हातोहात उत्तरेकडे पोचल्या. प्रा. हिरालाल जैनांनी १९३९ साली अमरावतीहून तिचा पहिला भाग छापला तेव्हा त्यांच्यापुढे अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या नकला होत्या, मूडबिद्रीची ताडपत्रं नव्हती. तीन प्रती म्हटल्यावर भक्कम आधार वाटतो. पण त्या एकाच नकलेच्या वंशातल्या होत्या. एकीत जे गळलं होतं, ते तिन्हींत गळलं होतं. पहिल्या भागाच्या त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द हवा असं अर्थावरून संपादकांना जाणवलं, पण तो एकाही नकलेत नव्हता. त्यांनी तसं टीपेत नोंदवलं. त्यावरून मोठा वाद झाला, कारण सिद्धांताचा प्रश्न त्या एका शब्दात अडकला होता. पुढे ताडपत्रं ताडून पाहता आली, तेव्हा तिथे ‘संजद’ होता. “तीन साक्षीदार,” सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “आणि तिघंही एकाचंच ऐकून आलेले.”

मग त्यांनी माझ्या गावचा ताम्रपट पुन्हा काढला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा लेख झिजलेला आहे. ब्यूलर यांनी १८८३ साली छापलेल्या वाचनात त्यातली पुसट नावं थोरल्या शाखेतली, आधीपासून ठाऊक असलेली होती, रुद्रसेन, पृथ्वीषेण. अभ्यासक पन्नासहून अधिक वर्षं तीच वंशावळ धरून चालले. वाशीमच्या पत्र्यांवर सर्वसेन आणि विंध्यशक्ती ही नावं स्वच्छ निघाली, वत्सगुल्माची वेगळी शाखा होती हे कळलं, आणि नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला. तिथे सर्वसेन होता, विंध्यसेन होता. दगड तोच होता आणि अक्षरंही तीच होती. “डोळा ओळखीचं नाव आधी वाचतो,” सर म्हणाले. “ताम्रपटाने अजिंठ्याचं वाचन पाहिलेलं नव्हतं, म्हणून तो कामाला आला. तुला कळतंय मी काय म्हणतो ते?”

‘तुला’ म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मूर्तिजापूरला उतरल्यावर चहा घेताना त्यांनी आणखी एक कथा सांगितली. ती धवलेतच आहे. धरसेन आचार्यांकडे दोन शिष्य आले, पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून ओळखले गेले ते. आचार्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात मुद्दाम एक अक्षर जास्त, दुसऱ्यात एक कमी. साधना केली तर दोन देवता प्रकटल्या, एकीचे दात पुढे आलेले, दुसरीला एकच डोळा. शिष्यांनी विचार केला की देवता अशा नसतात, तेव्हा मंत्रच चुकला असणार. त्यांनी मंत्र दुरुस्त करून पुन्हा साधना केली आणि मग गुरूला येऊन सांगितलं. धरसेनांनी त्यानंतरच आगम शिकवायला घेतला. मी सरांना विचारलं, “मग वत्थ तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का?” ते हसले नाहीत. म्हणाले, “नाही रे. मी खरंच चुकलो होतो. बावीस वर्षांचा होतो, संध्याकाळ झाली होती, उजेड गेला होता आणि मला घरी जायची घाई होती.”

गुरूची सावली व्हावं असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. माझ्या नोकरीत असे सत्कार मी खूप ऐकले, ज्यांत शिष्याने गुरूच्या शब्दापलीकडे पाऊल टाकलं नाही म्हणून टाळ्या पडल्या. मला ते ऐकवत नाही. ज्या माणसाने तुमच्यावर जीव लावलाय, त्याला त्याचीच चूक परत नेऊन देणं हा आदर कसा होईल? मी वर्गात नेम घालून दिला की मुलांनी वह्या बदलून शुद्धलेखन तपासायचं, पण आधी आपलं उत्तर लिहून झाकून ठेवायचं. दुसऱ्याचं पाहून मग नाही. कारण मी कधी सांगितलं नाही, पण निवृत्तीपर्यंत हा नेम मोडला नाही.

त्यानंतर आमची पत्रं सुरू झाली. पोस्टकार्डावर कधी एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी माझं वाचन कळवायचो. दहातल्या चार वेळा त्यांना पटायचं, सहा वेळा ते सविस्तर खोडून काढायचे. माझं चुकलं की सर स्पष्ट म्हणायचे चुकलं, त्यात मवाळपणा नसायचा, आणि त्यांचं चुकलं की पुढच्या कार्डावर वर तारीख घालून कबूल करायचे. सर अनेकदा प्रा. हिरालाल जैन आणि आदिनाथ उपाध्ये यांच्याबद्दल बोलायचे. एक नरसिंहपूर जिल्ह्यातले, अमरावतीला नोकरी करणारे. दुसरे सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे. दोघांमध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा. तरी धवलेच्या कामात दोघं एकत्र होते आणि पुढे भारतीय ज्ञानपीठाची मूर्तिदेवी ग्रंथमाला आणि सोलापूरची जीवराज ग्रंथमाला दोघांनी मिळून सांभाळली. त्यांनी एकमेकांना किती वेळा ‘चुकलात’ म्हणून लिहिलं असेल, याचा विचार करत सर गप्प बसायचे. आपल्यालाही कुणीतरी तसं लिहिणारं हवं होतं, असं एकदा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “मिळालं.”

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, कारंज्यात पोथ्या बाहेर काढतात, झटकतात, वारा देतात, पूजा करतात. पावसाळा दारात आलेला असतो, त्यामुळे पूजेत निगाही आपसूक होते. षट्खंडागम याच तिथीला पुरा झाला अशी परंपरा आहे. सर दरवर्षी त्या दिवशी यायचे. एका वर्षी आले तेव्हा त्यांनी पान उचललं आणि माझ्याकडे दिलं. “तूच वाच. मला रेघा दिसतात, अक्षरं दिसत नाहीत.” मोतीबिंदू काढून झाला होता, पण मागचा पडदाच खराब झाला होता.

मला वाटलं आता संपलं. संपलं नाही. मी वाचायचो आणि ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायचे. अपभ्रंशाच्या कडवकात बहुतेक ओळी सोळा मात्रांच्या असतात, शेवटी घत्ता येतो. मी घाईत एखादा ऱ्हस्व दीर्घ केला की त्यांचा अंगठा पेरावर अडायचा. “सतरा झाल्या. पुन्हा.” पन्नास वर्षं डोळ्यांनी जे वाचलं होतं ते आता कानांनी तपासत होते, आणि त्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या तरुणपणच्या नकलेतल्या अकरा चुका काढल्या. त्यातल्या दोन माझ्याही नजरेतून सुटल्या होत्या. काव्य आम्ही छापायला देऊ शकलो नाही. शेवटचे तीन संधी, म्हणजे सर्ग, दोन्ही पोथ्यांत फाटके आहेत आणि तिसरी पोथी आम्हाला मिळाली नाही.

ते गेले त्या पावसाळ्यानंतर काकूंनी मला अमरावतीला बोलावलं. सगळ्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत नीट लावलेल्या होत्या. काव्याच्या अखेरच्या वहीत पहिल्या पानावर, संपादनात असते तशी, संकेतांची यादी होती. ‘अ’ म्हणजे पहिल्या भांडारातली पोथी. ‘ब’ म्हणजे दुसऱ्या भांडारातली. ‘न’ म्हणजे सरांची तरुणपणची नक्कल. आणि त्याखाली ‘वा’. पुढे लिहिलं होतं, वाशीमच्या मास्तरांचं स्वतंत्र वाचन, १९८७ च्या दिवाळीनंतरचं.

मी पानं उलटत गेलो. तळटीपांत जागोजाग ‘वा’ होता. कुठे ‘वा ग्राह्य’. त्याहून जास्त ठिकाणी ‘वा चूक’, आणि का चूक तेही बारीक अक्षरात. उपवनाच्या पानावर वर ‘वच्छ’ होतं आणि खाली टीप, न वत्थ, अ ब वच्छ. तिथे ‘वा’ नव्हता. अर्थात नव्हता. ते वाचन मी दिलंच नव्हतं.

एका ठिकाणी मात्र त्यांनी निकाल दिलेला नाही. दुसऱ्या संधीच्या नवव्या कडवकात एक क्रियापद आहे, ज्यावरून आमचा सात वर्षं वाद चालला. ते म्हणत ‘अच्छइ’, मी म्हणत होतो पहिलं अक्षर अ नाहीच. टीपेत दोन्ही वाचनं शेजारी आहेत आणि पुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह. आता पोथीची किल्ली आजोबांच्या नातवाकडे असते. त्याला कालच फोन केला. आमच्या गल्लीतली एक मुलगी प्राकृत शिकतेय, तिलाही बरोबर घेणार आहे. तिला मी सरांचं वाचन सांगितलेलं नाही, माझंही नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघालो तर अकराच्या आत पोचू, खिडकीत ऊन येतं तेव्हा.